विश्लेषण : ‘भांड्याला भांडं लागतंच’ म्हणजे नेमके काय झाले?

समुपदेशकासमोर बसलेली व्यक्ती बहुतेकदा मोघम बोलते. ‘काहीच जमत नाही’, ‘सगळेच विरोधात आहेत’, ‘घरात थोडं चालायचंच’. या वाक्यांना लगेच धीर किंवा सल्ला द्यायचा, की आधी ‘म्हणजे नेमकं काय?’ असे विचारायचे? हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो; पण समुपदेशनाचा उपयोग होणार की नाही, आणि काही वेळा माणूस वाचणार की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरू शकते.

मोघम वाक्यात काय हरवते?

‘मला फार त्रास होतोय’ या वाक्यात कोणाचा, कसला, कधीपासून, किती, यातले काहीच नाही. ऐकणारा मात्र रिकाम्या जागा स्वतःच्या अनुभवाने भरून टाकतो. ज्याला कर्जाचा घोर लागलेला आहे, त्याला तो पैशाचा त्रास वाटतो. जिचे सासरी पटत नाही, तिला तो सासूचा त्रास वाटतो. मग सल्ला दिला जातो तो समोरच्याच्या अडचणीवर नव्हे, तर ऐकणाऱ्याच्या मनातल्या अडचणीवर.

बोलणारी व्यक्ती मुद्दाम लपवत असते असे नाही. अनुभवातले सगळे तपशील कोणत्याच वाक्यात मावत नाहीत. बोलताना काही गोष्टी गळतात, एका प्रसंगावरून कायमचा नियम बनतो, आणि स्वतःचा अंदाज वस्तुस्थिती म्हणून सांगितला जातो. रोजच्या व्यवहारात यामुळे काही बिघडत नाही. पण दुःखात असलेला माणूस आपल्याच मोघम वाक्यावर विश्वास ठेवू लागतो. ‘माझं कोणीच ऐकत नाही’ असे शंभरदा म्हणून झाल्यावर, ऐकणारी बहीण समोर बसलेली असली तरी ती दिसेनाशी होते.

ही प्रश्नपद्धत आली कुठून?

प्रश्न विचारून विचार तपासण्याची परंपरा सॉक्रेटिसाइतकी जुनी आहे. मानसोपचारात तिला पद्धतशीर रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. ‘असे झालेच पाहिजे’ या हट्टाला ‘असे कुठे लिहिले आहे?’ असा थेट प्रश्न करणे हा तिचा गाभा. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकापासून बोधात्मक उपचारपद्धती विकसित केली. तिथे उपचारक वाद घालत नाही. ‘याला पुरावा काय? याच्या उलट काही घडले आहे का?’ असे विचारत रुग्णासोबत तपास करतो.

मोघम वाक्यांचे प्रकार पाडून प्रत्येकाला साजेसा प्रश्न सुचवण्याचे काम मात्र १९७५ साली रिचर्ड बँडलर आणि भाषाशास्त्रज्ञ जॉन ग्राइंडर यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’ या पुस्तकात केले. व्हर्जिनिया सटीर आणि फ्रिट्झ पर्ल्स हे नावाजलेले उपचारक रुग्णांशी कसे बोलतात, याचे निरीक्षण करून आणि नोम चॉम्स्की यांच्या व्याकरणविचाराचा आधार घेऊन त्यांनी तीन गट मांडले : गाळलेले, सामान्यीकरण केलेले आणि बदलून टाकलेले. याच जोडीने पुढे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे ‘एनएलपी’ची पताका फडकवली. त्या पताकेखालच्या अनेक दाव्यांना शास्त्रीय आधार मिळालेला नाही. डोळ्यांच्या हालचालीवरून खोटे पकडता येते, हा त्यातला लोकप्रिय दावा २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत टिकला नाही. पण दुकान शंकास्पद निघाले म्हणून तिथली पट्टी चुकीची ठरत नाही. मोघम वाक्यातली रिकामी जागा शोधून तिथे प्रश्न ठेवणे ही गोष्ट अनेक प्रतिष्ठित उपचारपद्धतींत स्वतंत्रपणे आढळते.

कोणत्या वाक्याला कोणता प्रश्न?

‘मला भीती वाटते’ यात गाळलेले आहे, त्याला ‘कशाची?’ हा प्रश्न. ‘तो नेहमीच असं करतो’ यात सामान्यीकरण आहे. त्याला ‘असं न केल्याचा एखादा प्रसंग आठवतो का?’ हा प्रश्न. ‘साहेबांना मी डोळ्यांसमोर नको असतो’ यात दुसऱ्याच्या मनातले ठाऊक असल्याचा दावा आहे. त्याला ‘हे कशावरून जाणवलं?’ असे विचारता येते. ‘मला नोकरी सोडताच येणार नाही’ या वाक्याला ‘सोडली तर काय होईल?’ असे विचारले की गृहकर्जाचा हप्ता, वडिलांचा धाक किंवा स्वतःचीच भीती, यांतले खरे काय ते बाहेर येते. ‘चांगल्या घरच्या मुली असं करत नाहीत’ या वाक्याचा तर बोलणाराच गायब असतो. ‘हे कोणाचं म्हणणं?’ या प्रश्नाने तो परत आणता येतो.

समजा, दहावीतल्या मुलाची आई शाळेच्या समुपदेशकाला सांगते, ‘मॅडम, हा आजकाल काहीच ऐकत नाही.’ ‘काहीच म्हणजे?’ ‘अभ्यासाचं हो.’ ‘शेवटचं असं कधी झालं?’ ‘कालच. गणिताचं पुस्तक काढ म्हटलं, तर दार आपटून निघून गेला.’ ‘आणि बाकीचे विषय?’ ‘ते करतो की. मराठी, इतिहास न सांगता करतो. गणिताचं नाव काढलं की बिनसतं.’ ‘हे कधीपासून?’ आई थोडी थांबते. ‘सहामाहीनंतर. वर्गात सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवले होते.’

चार प्रश्नांत ‘वाया चाललेला मुलगा’ नाहीसा झाला आणि गणिताच्या गुणांवरून वर्गात अपमान झालेला मुलगा समोर आला. पहिल्या वाक्यावरच सल्ला दिला असता, तर तो मोबाइल काढून घेण्याचा किंवा शिस्तीचा असता. दुसऱ्याला काही इलाज आहे.

मराठीत काय लपते?

या पद्धतीवरची बहुतेक पुस्तके इंग्रजी वाक्यांवर बेतलेली आहेत. मराठी समुपदेशकाला मराठी वाक्याची खोड ओळखावी लागते. आपण ‘मी रागावलो’पेक्षा ‘मला राग आला’ असे अधिक म्हणतो. राग, रडू, कंटाळा, भीती या गोष्टी जणू बाहेरून येतात आणि माणूस फक्त त्यांचे ठिकाण असतो. यात गैर काही नाही, भाषेची ती घडणच आहे. पण ‘राग येण्याआधी काय झालं होतं आणि राग आल्यावर तुम्ही काय केलंत?’ असे विचारले, तर माणूस पुन्हा कर्त्याच्या जागी येतो.

‘माझ्याकडून बोललं गेलं’, ‘हात उचलला गेला’, ‘जरा जास्त झाली’ या वाक्यांत तर कर्ता सोयीस्करपणे बाजूला उभा असतो. हात आपोआप उचलला जात नाही. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक म्हणजे नेमके कोण, हे विचारले तर पुष्कळदा एक काका आणि दोन शेजारी निघतात. ‘टेन्शन’ हा शब्द तर परीक्षेच्या धाकधुकीपासून गंभीर नैराश्यापर्यंत सगळ्याला पुरतो. ‘टेन्शन आलं की शरीरात काय होतं, झोप किती लागते, जेवण जातं का?’ असे विचारल्याशिवाय त्या शब्दावरून काहीही ठरवता येत नाही.

मोघमपणा हे आजाराचे लक्षण असू शकते का?

असू शकते, आणि हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. १९८६ साली ब्रिटनमध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींना ‘आनंदी’ यांसारखे शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एक ठरावीक प्रसंग आठवायला सांगितला. इतरांच्या तुलनेत त्यांना नेमका प्रसंग सांगणे जड गेले; उत्तरे सर्वसाधारण येत होती. पुढे नैराश्याच्या रुग्णांतही हेच अनेकदा आढळले. म्हणजे ‘काहीच चांगलं घडलं नाही’ म्हणणारा माणूस अतिशयोक्ती करत असेलच असे नाही. गेल्या मंगळवारचा चांगला तास त्याला खरोखरच सापडत नसतो.

यातूनच नेमके प्रसंग आठवण्याचा आणि ठोस विचार करण्याचा सराव देणाऱ्या पद्धती पुढे आल्या. बोधात्मक उपचारांत उपचारकाने प्रश्नांचा अधिक वापर केला, की पुढच्या भेटीपर्यंत नैराश्याची लक्षणे अधिक कमी झालेली दिसतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही आढळले. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून डंका पिटण्याचे कारण नाही. पण दिशा स्पष्ट आहे. नेमका प्रश्न माहिती काढून घेतोच, शिवाय समोरच्याची विचार करण्याची ताकदही थोडी परत आणतो.

‘का?’ विचारले तर काय बिघडते?

‘असं का केलंस?’ हा प्रश्न मराठी घरांत उत्तरासाठी विचारला जात नाही. तो आरोप असतो. लहानपणापासून त्यापुढे मान खाली घालायची किंवा सबब सांगायची, एवढेच शिकवलेले असते. त्यामुळे समुपदेशनात ‘का’ आला, की समोरची व्यक्ती बचावाच्या पवित्र्यात जाते. दुसरे असे, की उदास माणूस आधीच ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या चक्रात फिरत असतो. त्याला आणखी एक ‘का’ दिला तर चक्राचा वेग वाढतो. काय, कधी, कुठे, कसे, कोण, किती हे प्रश्न त्याला चक्रातून काढून प्रसंगाशी आणून उभे करतात. ‘तुम्ही का आला नाहीत?’ आणि ‘त्या दिवशी निघताना काय झालं?’ यांतला फरक ऐकणाऱ्यालाच कळतो.

मग हा उलटतपास नव्हे का?

हा आक्षेप रास्त आहे. कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनात आस्थेने ऐकण्याला आणि विनाअट स्वीकाराला मध्यवर्ती स्थान दिले. नुकताच मुलगा गमावलेली आई ‘आता सगळं संपलं’ म्हणते, तेव्हा ‘सगळं म्हणजे नेमकं काय?’ असे विचारणारा समुपदेशक नव्हे, तर निर्दय माणूस ठरेल. तिथे शांत बसणे हेच काम असते. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत तपशील विचारत जाणे म्हणजे जखम पुन्हा उघडी करणे. मोघम शब्द हा अनेकदा आडोसा असतो, आणि तो काढण्याचा अधिकार त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा आहे.

म्हणून प्रश्नाआधी दोन गोष्टी लागतात. एक, ऐकले ते परत सांगणे : ‘घरात आपल्याला कोणी मोजत नाही, असं तुम्हाला वाटतंय.’ दुसरी, परवानगी : ‘ते मला नीट समजावं म्हणून थोडं विचारू का?’ त्यानंतर एका वेळी एकच प्रश्न आणि उत्तराला पुरेसा वेळ. प्रश्नातला रोख वाक्यावर हवा, माणसावर नको. ‘नेहमी? खरंच नेहमी?’ हेच शब्द कुतूहलाने विचारता येतात आणि कुत्सितपणेही. दुसऱ्या स्वरात ते विचारणाऱ्याने समुपदेशक न झालेलेच बरे.

पण या आक्षेपाच्या आडून प्रश्न टाळण्याचे समर्थन होऊ नये. केवळ ‘हो ना, समजू शकतो’ म्हणत राहणे सोपे असते आणि दोघांनाही बरे वाटते. मात्र काय समजले हे न तपासता ‘समजू शकतो’ म्हणणे ही सहानुभूती नव्हे, अंदाज आहे.

मोघमपणा जिवावर कुठे बेततो?

पहिली जागा म्हणजे घरातली हिंसा. ‘भांड्याला भांडं लागतंच’, ‘थोडीफार कुरबुर असते’ या वाक्यांवर मान डोलावून पुढे गेलेल्या समुपदेशकाने काय सोडून दिले, हे त्याला कधीच कळत नाही. ‘कुरबुर झाली की पुढे काय होतं?’ असे विचारले, तर ‘त्यांचा हात उठतो कधीकधी’ हे उत्तर येऊ शकते. ‘शेवटचा कधी उठला? कुठे लागलं होतं? मुलं तेव्हा कुठे होती? आज घरी जायला भीती वाटते का?’ या पुढच्या प्रश्नांनी धोका किती मोठा आहे हे कळते. हे प्रश्न नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर कधीही विचारायचे नसतात. आणि ‘तुम्ही असं काय बोललात की त्यांचा हात उठला?’ हा प्रश्न स्पष्टीकरणाचा नाही, तो निकाल आहे.

नेमकेपणाचा इथे कायदेशीर उपयोगही आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळासोबत लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही येतो. ‘ते घरात नीट वागत नाहीत’ यावर कायदा काही करू शकत नाही. ‘पगार दर महिन्याला काढून घेतात आणि औषधालाही पैसे देत नाहीत’ यावर करू शकतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ साली सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष, किंवा वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या सुरुवातीला ‘सेहत’ आणि मुंबई महापालिकेने उभे केलेले ‘दिलासा’ केंद्र, यांचे महत्त्व इथेच आहे. दवाखान्यात ‘पडले’ असे सांगणाऱ्या बाईला ‘कशी पडलात?’ असे एकांतात विचारणारे कोणीतरी लागते.

दुसरी जागा म्हणजे आत्महत्येचा विचार. ‘आता कशात राम नाही’, ‘सुटलो एकदाचा तर बरं’, ‘माझ्यामागे पोरांकडे बघा’ ही वाक्ये मराठी कानांना इतकी सवयीची आहेत, की ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलला जातो. ‘जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का?’ हे स्पष्ट विचारले, तर नसलेला विचार डोक्यात जाईल, अशी भीती असते. जागतिक आरोग्य संघटना आणि या क्षेत्रातले संशोधन सांगते ते उलट आहे. थेट, शांतपणे विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर पुढचे प्रश्नही हवेत : किती वेळा येतो, काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का, आत्ता सोबत कोण आहे. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे न सोडता तज्ज्ञांची मदत मिळवून देणे हेच पुढचे पाऊल. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकावरची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू असून ती मराठीतही उपलब्ध आहे.

हे काम फक्त तज्ज्ञांचेच का?

तज्ज्ञ पुरेसे नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक विकारांत उपचारांची दरी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे असतात. अशा वेळी ‘झोप लागत नाही’ला गोळी मिळते आणि ‘रात्री जागं राहून काय विचार करता?’ हा प्रश्न राहून जातो.

गोव्यातील ‘संगाथ’ या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने दाखवून दिले, की थोडे प्रशिक्षण आणि सातत्याने देखरेख मिळाली, तर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तीही प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्यासाठी परिणामकारक समुपदेशन करू शकतात. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आशा कार्यकर्ती, शाळेतले शिक्षक, पोलीस ठाण्यातली महिला हवालदार, कुटुंब न्यायालयातले समुपदेशक यांच्या प्रशिक्षणात कायदे आणि अर्ज शिकवले जातात. ‘म्हणजे काय?’ कसे विचारायचे, हेही त्यात तितक्याच गांभीर्याने शिकवायला हवे. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. सराव लागतो, आणि तो करून घेणारा अनुभवी माणूस लागतो.

आणि समुपदेशकच मोघम बोलला तर?

या चर्चेत एक बाजू हमखास सुटते. मोघम वाक्ये फक्त मदत मागणारे बोलतात असे नाही. मदत देणारेही बोलतात. ‘सकारात्मक राहा’, ‘टेन्शन घेऊ नका’, ‘थोडं जुळवून घ्या’, ‘मुलाला वेळ द्या’. हे सल्ले ऐकायला शहाणे असतात आणि घरी जाऊन करता येत नाहीत. यांतला ‘जुळवून घ्या’ हा सर्वांत धोकादायक. कोणी जुळवून घ्यायचे, कशाशी, किती दिवस आणि समोरच्याने काय करायचे, हे न सांगता दिलेला तो सल्ला नेहमी दुबळ्याच्याच गळ्यात पडतो. मार खाणाऱ्या बाईला ‘जुळवून घ्या’ सांगणारी व्यक्ती तिच्या ‘भांड्याला भांडं लागतंच’ या वाक्यावर आपलीच सही करत असते.

म्हणून प्रश्न विचारण्याचा हक्क खुर्चीच्या दोन्ही बाजूंना आहे. मदत मागायला गेलेल्या माणसाने संकोच न करता विचारावे : ‘सकारात्मक राहायचं म्हणजे उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करायचं?’ चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावणार नाही. तो खुर्ची थोडी पुढे ओढेल आणि उत्तर शोधायला लागेल. जो दुखावेल, त्याच्याकडे पुन्हा जायचे की नाही, हे ठरवायला तेवढे उत्तर पुरेसे आहे.